आफ्रिकी-अमेरिकन कादंबरीतील वर्णद्वेष

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबरीची सुरुवात विल्यम वेल्स ब्राऊन यांच्या ‘क्लोटेल’पासून धरतात. गुलामीतून पळून आलेल्या ब्राऊन यांची ही कादंबरी १८५३ मध्ये लंडनला छापली गेली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांना एका गुलाम स्त्रीपासून झालेल्या मुलींची ही कल्पित कथा. माणसे जन्मतः समान आहेत असे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्याची मुलगी लिलावात विकली जाते आणि अखेर पाठलागातून सुटण्यासाठी पोटोमॅक नदीत उडी घेते. हॅरिएट विल्सन यांची ‘अवर निग’ (१८५९) उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये घडते. कायद्याने स्वतंत्र असलेली फ्रेडो तिथे एका गोऱ्या घरात मार खात राबते. वर्णद्वेष हा फक्त दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा दोष, हा समज हे पुस्तक टिकू देत नाही. ते शतकाहून अधिक काळ विस्मृतीत राहिले.

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे, वेगळ्या शाळा आणि झुंडीने फासावर लटकवणे सुरू झाले. चार्ल्स चेस्नट यांनी नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे १८९८ मध्ये झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडावर १९०१ मध्ये कादंबरी लिहिली. नेला लार्सन यांच्या ‘पासिंग’मध्ये (१९२९) उजळ रंगाची क्लेअर गोरी म्हणून वावरते, कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या तिच्या नवऱ्याला तिचे मूळ ठाऊकच नसते.

रिचर्ड राईट यांच्या ‘नेटिव्ह सन’ने (१९४०) मात्र वाचकाला दयेची सोय ठेवली नाही. शिकागोतल्या एका खोलीत बिगर टॉमसचे कुटुंब राहते आणि कादंबरी सुरू होते ती त्या खोलीतला उंदीर मारण्याने. बिगर हा डाल्टन नावाच्या गोऱ्या धनिकाकडे ड्रायव्हर म्हणून लागतो. हे डाल्टन कृष्णवर्णीयांच्या संस्थांना देणग्या देतात आणि बिगरच्या खोलीचे भाडे त्यांच्याच कंपनीला जाते. त्यांची पत्नी आंधळी आहे. त्यांच्या मुलीच्या खोलीत आपण सापडलो तर काय होईल, या भीतीने बिगर तिच्या तोंडावर उशी दाबतो आणि ती मरते. खून भीतीतून घडतो, आणि ती भीती शहराने वीस वर्षे त्याच्यात भरलेली असते. लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये यावर जोरदार आक्षेप घेतला: अशा निषेधाच्या कादंबरीत माणूस उरत नाही, गोऱ्यांनी रंगवलेला राक्षसच पुन्हा उभा राहतो. आक्षेपात तथ्य आहे. तरीही डाल्टन यांच्या दानशूरपणाचे राईट यांनी केलेले चित्र आजही जुने झालेले नाही. झोरा नील हर्स्टन यांनी १९३७ मध्येच दुसरी वाट घेतली होती. त्यांच्या त्या वर्षीच्या कादंबरीतली जेनी कृष्णवर्णीयांच्याच गावात प्रेम करते, नवऱ्याशी भांडते, आणि गोरे लोक बहुतेक वेळ कथेबाहेर राहतात. हर्स्टन यांच्यावर सर्वांत कडक टीका केली ती राईट यांनी.

राल्फ एलिसन यांच्या ‘इन्व्हिजिबल मॅन’चा (१९५२) निवेदक अदृश्य आहे, कारण समोरचे त्याला पाहायलाच तयार नाहीत. टोनी मॉरिसन यांनी पुढे विचारले: अदृश्य, पण कोणाला? या प्रश्नाने कादंबरीचा वाचकच बदलला. त्यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’मधली (१९७०) पेकोला दुकानात गोळ्या घ्यायला जाते, दुकानदाराची नजर तिच्यावर ठरत नाही, आणि ती आपल्याला निळे डोळे मिळावेत म्हणून देवाची प्रार्थना करते. ‘बिलव्हेड’ला (१९८७) मार्गारेट गार्नर यांच्या १८५६ मधल्या खऱ्या घटनेचा आधार आहे: केंटकीतून पळालेल्या या आईने, पकडले जाताना, आपल्या लहान मुलीला मारले. मळ्यावरचा ‘स्कूलटीचर’ आपल्या विद्यार्थ्यांना कादंबरीची नायिका सेथची मानवी आणि पाशवी लक्षणे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला शिकवतो, आणि त्यासाठीची शाई सेथनेच तयार केलेली असते. चाबकाच्या वर्णनांपेक्षा हा प्रसंग जास्त काळ मनात राहतो. मॉरिसन यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले.

मराठी वाचकाचे या विषयाशी जुने नाते आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून.

ऑक्टेव्हिया बटलर यांनी १९७६ मधल्या नायिकेला गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचून नेले (‘किंड्रेड’, १९७९). कोल्सन व्हाईटहेड यांच्या ‘द निकेल बॉईज’मागे (२०१९) फ्लोरिडातील डोझियर ही मुलांची सुधारशाळा आहे. ती २०११ मध्ये बंद झाली, आणि तिच्या आवारात नोंद नसलेल्या कबरी सापडल्या.