विकिपीडियावर व्यावसायिक सॉफ्टवेअरचा लेख

विकिपीडिया हा स्वयंसेवकांनी लिहिलेला आणि त्यांनीच राखलेला ज्ञानकोश आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर तिथे स्वतंत्र लेख असावा का, हे ठरण्याची आणि झालेला लेख टिकण्याची प्रक्रिया या नोंदीत दिली आहे. इथे शुल्क भरून जागा मिळत नाही आणि अंतिम शिक्का मारणारा अधिकारीही कोणी नसतो. त्या सॉफ्टवेअरशी काही देणेघेणे नसलेल्या लोकांनी त्याबद्दल आधी, दुसरीकडे, सविस्तर लिहिले आहे का, हा इथला मूळ प्रश्न. तसे लेखन नसेल तर लेख कितीही मन लावून लिहिला तरी राहत नाही. म्हणून लेख लिहिण्यापेक्षा संदर्भ शोधण्याचेच काम मोठे असते, आणि बहुतेक निराशा हा क्रम उलटा धरल्याने पदरी येते.

पार्श्वभूमी

विकिपीडियाच्या आधी, २००० मध्ये, न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश निघाला होता. त्यात तज्ज्ञ लिहीत आणि प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जाई. त्यामुळे लेख अगदी सावकाश तयार होत. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी विकिपीडिया सुरू केला आणि दार सताड उघडले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे दुरुस्त करावे. सुरुवातीला आलेल्यांत संगणकक्षेत्रातली माणसे पुष्कळ होती, त्यामुळे सॉफ्टवेअरवरचे लेख भराभर वाढले. नियम मागाहून आले. त्या काळातले काही लेख आजच्या कसोटीला उतरणार नाहीत, तरी ते अजून जागेवर आहेत. नवा लेखक नेमके त्यांच्याकडेच बोट दाखवतो : त्यांचा लेख आहे, मग आमचा का नाही? हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तो दुसरा लेख अजून कोणाच्या नजरेस पडलेला नाही, एवढाच अर्थ काढला जातो. कधीकधी अशा तक्रारीमुळे तोही लेख चर्चेला येतो.

विकिपीडियावरून आपल्या संकेतस्थळाला दुवा मिळावा, म्हणजे शोधयंत्रात आपण वर येऊ, हा हेतूही पूर्वी मोठा होता. जानेवारी २००७ पासून इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांना ‘नोफॉलो’ खूण लावली. हा दुवा क्रमवारीसाठी धरू नका, असे ती खूण शोधयंत्रांना सांगते. दुव्याचे आकर्षण त्यामुळे कमी झाले, लेखाचे मात्र तसेच राहिले.

उल्लेखनीयतेची कसोटी

या कसोटीला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. शब्द थोडा चकवतो, कारण सॉफ्टवेअर चांगले की वाईट याच्याशी तिचा संबंध नाही. किती डाउनलोड झाले, किती मोठ्या कंपन्या ते वापरतात, यावरून ती सिद्ध होत नाही. एकाहून अधिक स्रोत हवेत, आणि त्यांतला प्रत्येक स्रोत सविस्तर, स्वतंत्र, विश्वासार्ह आणि दुय्यम (म्हणजे कंपनीचे म्हणणे नुसते न उतरवता लेखकाने स्वतः पारखून लिहिलेला) असा चारही अंगांनी पुरा पडायला हवा. एका स्रोताची लांबी आणि दुसऱ्याची प्रतिष्ठा यांची बेरीज करता येत नाही. कंपन्या आणि त्यांची उत्पादने यांच्यासाठीची ही कसोटी इंग्रजी विकिपीडियाने २०१८ मध्ये आणखी कडक केली.

ती प्रत्यक्षात कशी लागते ते पाहण्यासारखे आहे. समजा, हिशेब ठेवण्याच्या एका सॉफ्टवेअरवर मसुदा आला आहे आणि त्याखाली सात संदर्भ आहेत. सरावलेला संपादक मजकूर वाचण्याआधी संदर्भ उघडतो. पहिला कंपनीच्या संकेतस्थळाचा. आवृत्तीचा क्रमांक सांगायला तो चालेल, कसोटीसाठी त्याची किंमत शून्य. दुसरी एका अर्थविषयक दैनिकातली बातमी. दैनिक नावाजलेले, पण बातमी कंपनीला मिळालेल्या भांडवलाची : रक्कम, गुंतवणूकदारांची नावे आणि संस्थापकाची दोन वाक्ये. भांडवल उभारणी, नव्या आवृत्तीची घोषणा, नेमणुका, किमतीतले बदल अशा नेहमीच्या घडामोडींच्या बातम्या कसोटीत धरत नाहीत. तिसरी बातमी दुसऱ्या संकेतस्थळावरची, पण तिचा मधला परिच्छेद आधीच्या बातमीशी शब्दाला शब्द जुळतो. दोन्ही एकाच प्रसिद्धिपत्रकातून उतरल्या आहेत हे उघड आहे, आणि प्रसिद्धिपत्रक कोणत्याही वर्तमानपत्रात छापले गेले तरी त्याचा बोलविता धनी कंपनीच असते.

चौथा संदर्भ संस्थापकाची लांबलचक मुलाखत. सविस्तर खरी, पण त्यात जे आहे ते संस्थापकानेच सांगितलेले. मुलाखतकाराने स्वतः काही पडताळलेले नाही. पाचवी ‘हिशेबाची दहा उत्तम सॉफ्टवेअर’ अशी यादी. त्यात या सॉफ्टवेअरला तीन ओळी, आणि खाली खरेदी केल्यास संकेतस्थळाला दलाली मिळेल असा दुवा. सहावा लेख फोर्ब्सच्या संकेतस्थळावरचा. नाव पाहून लेखक निर्धास्त झालेला असतो. पण तो फोर्ब्सच्या पत्रकाराने लिहिलेला नाही, ‘काँट्रिब्यूटर’ म्हणून लिहिणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीचा आहे. अशा लेखांवर पुरेशी संपादकीय देखरेख नसते, म्हणून इंग्रजी विकिपीडिया ते सहसा विश्वासार्ह मानत नाही. सातवे एका संगणकविषयक मासिकातले परीक्षण. परीक्षकाने सॉफ्टवेअर स्वतः बसवून काही आठवडे वापरले आहे. जुन्या वह्यांतली आकडेवारी आत घेताना कुठे अडले, कराचा हिशेब कुठे चुकला, दुसऱ्या दोन सॉफ्टवेअरच्या तुलनेत काय सोपे गेले, हे सगळे त्याने नोंदवले आहे. सातांपैकी हा एकच उभा राहतो. एकाहून अधिक हवेत, म्हणून मसुदा परत जातो.

लेखकाला हे अन्यायाचे वाटते. पण त्या सात संदर्भांतून कंपनीचे शब्द वजा केले, तर सॉफ्टवेअरबद्दल ज्ञानकोशात लिहिण्याजोगे जे उरते ते सगळे त्या सातव्या परीक्षणातच असते. इतर सहांवरून लेख लिहायचा तर तो कंपनीच्या माहितीपत्रकाची दुसरी प्रत होईल. तटस्थ प्रकाशकाने काढलेले, कंपनीशी संबंध नसलेल्या लेखकाचे पुस्तक या कामी फार मोलाचे ठरते. शोधनिबंधात ‘विश्लेषणासाठी अमुक सॉफ्टवेअर वापरले’ एवढे एकच वाक्य असेल तर त्याचा उपयोग नाही. निबंधाचा विषयच ते सॉफ्टवेअर असेल तर आहे. कंपन्या स्वतःची माहिती स्वतः भरू शकतात अशा क्रंचबेस या माहितीसंग्रहाचा संदर्भ इंग्रजी विकिपीडियावर वर्ज्य धरला जातो. वीस संदर्भांची माळ लावण्याऐवजी उत्तम असे तीन निवडून लेखाला जोडलेल्या चर्चापानावर मांडावेत, हा तिथल्या अनुभवी संपादकांचा सल्ला अगदी रास्त आहे. तीन सापडत नसतील तर उत्तर तिथेच मिळते.

या कसोटीची एक उणीवही मान्य करायला हवी. रुग्णालयातल्या नोंदी, गोदामातला माल, पगारपत्रके सांभाळणारी कितीतरी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतात. हजारो माणसांचा कामाचा दिवस त्यांच्यावर उभा असतो, पण मासिकांत त्यांची परीक्षणे येत नाहीत, कारण वाचकाला ती दुकानातून विकत घ्यायची नसतात. घरगुती वापराच्या सॉफ्टवेअरबद्दल भरपूर छापून येते आणि म्हणून त्याला लेख मिळतो. जगात कोणत्या गोष्टींबद्दल लिहिले जाते त्याचा कल विकिपीडियात जसाच्या तसा उतरतो. नियम सैल करून ही पोकळी भरता येणार नाही, कारण पडताळायला काही नसेल तर लिहिणार काय? ती भरायची तर कोणीतरी त्या सॉफ्टवेअरचा नीट अभ्यास करून तो इतरत्र प्रसिद्ध करायला हवा.

कंपनी उल्लेखनीय आहे म्हणून तिचे प्रत्येक उत्पादन उल्लेखनीय ठरत नाही, आणि उलटही तसेच. बऱ्याचदा उत्पादनाची माहिती कंपनीच्या लेखात एका विभागात घालून उत्पादनाच्या नावाचे पान तिकडे पुनर्निर्देशित करतात. वाचकाला हवे ते सापडते आणि स्वतंत्र लेखाचा वाद मिटतो. प्रत्येक भाषेतल्या विकिपीडियाचे नियम वेगळे असतात, त्यामुळे एका भाषेतला लेख दुसऱ्या भाषेत आपोआप ग्राह्य होत नाही. जर्मन विकिपीडिया तर कंपन्यांसाठी आकडेही पाहतो : किमान १,००० पूर्णवेळ कर्मचारी किंवा १० कोटी युरोंची वार्षिक उलाढाल हे तिथले दोन निकष आहेत.

लेखाची भाषा

‘लघुउद्योगांसाठी खास विकसित केलेले, अत्याधुनिक, सर्वसमावेशक आणि वापरायला अत्यंत सोपे असे आघाडीचे हिशेब-व्यवस्थापन सोल्यूशन’. या वाक्यातून मते काढून टाकली की ‘लघुउद्योगांसाठीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर’ एवढेच उरते, आणि ज्ञानकोशाला तेवढेच हवे असते. पुढे पहिली आवृत्ती कधी आली, कोणत्या संगणक प्रणालीवर चालते, परवाना कसला, हे साध्या वाक्यांत आणि लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीत यावे. वैशिष्ट्यांची लांब यादी, दरपत्रक, ग्राहकांची नावे, ‘संपर्क साधा’ असा दुवा हे सगळे निघते. संपूर्ण पानच जाहिरातीचे असेल तर चर्चेची वाटही न पाहता प्रचालक, म्हणजे पाने वगळण्याचा अधिकार दिलेले स्वयंसेवक, ते वगळू शकतात.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा मजकूर उचलून डकवणे हे आणखी एक नेहमीचे कारण. मजकूर आपलाच आहे, असे सांगून भागत नाही. विकिपीडियावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली जातो. तो कोणीही, अगदी प्रतिस्पर्धी कंपनीसुद्धा, बदलून आणि विकूनही वापरू शकते. तशी लेखी मुभा दिल्याशिवाय डकवलेला मजकूर प्रताधिकारभंग ठरतो. आणि मुभा दिली तरी त्या मजकुराचा सूर जाहिरातीचाच असल्याने तो पुन्हा लिहावाच लागतो.

हितसंबंध

जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस ओपन एक्सएमएल या फाइल-स्वरूपावरच्या लेखातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी बाहेरच्या एका तज्ज्ञाला मोबदला देऊ केला. त्याने ते स्वतःच जाहीर केले आणि मोठी चर्चा झाली : चूक खरोखर असेल तर ती पैसे घेऊन सुधारणे गैर का? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विकिस्कॅनर हे साधन आले. नाव न देता केलेली संपादने कोणत्या संस्थेच्या आयपी पत्त्यावरून झाली, हे त्यातून कोणालाही पाहता येऊ लागले.

पुढची दोन प्रकरणे जास्त गंभीर होती. विकी-पीआर ही संस्था पैसे घेऊन ग्राहकांचे लेख लिहून देई. ऑक्टोबर २०१३ पर्यंतच्या तपासात अडीचशेहून अधिक संशयित कळसूत्री खाती, म्हणजे वेगवेगळ्या नावांनी पण एकाच हाताने चालवलेली खाती, बंद करण्यात आली. जून २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानच्या वापर-अटींत स्पष्ट कलम आले : मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने मालक, ग्राहक आणि आपला संबंध जाहीर केलाच पाहिजे. नोकरीचा भाग म्हणून आपल्याच कंपनीच्या उत्पादनावर लिहिणारा कर्मचारीही यात येतो. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस ‘ऑरेंजमूडी’ नावाने ओळखले जाणारे प्रकरण उघड झाले. त्यातली खाती नाकारलेले मसुदे हेरत, त्या व्यावसायिकांना गाठून पैशांच्या बदल्यात लेख चढवून देत आणि नंतर तो ‘सांभाळण्यासाठी’ दरमहा पैसे मागत. ३८१ खाती बंद झाली, २१० लेख वगळले गेले. फसलेल्यांत छोटे व्यावसायिक होते. हमी देऊन लेख चढवणाऱ्याला पैसे देऊ नयेत, ते यासाठी.

आपला संबंध उघड सांगणाऱ्याला मज्जाव नाही. त्याने सदस्यपानावर तो लिहावा, मसुदा तपासणीसाठी द्यावा आणि लेख झाल्यावर स्वतः हात न लावता चर्चापानावर संदर्भासह बदल सुचवावेत. खात्याचे नाव मात्र उत्पादनाचे किंवा कंपनीचे ठेवू नये. इंग्रजी विकिपीडियावर प्रचारकी नावाची खाती बंद होतात. जर्मन विकिपीडियावर उलट आहे, तिथे कंपनीचे पडताळलेले खाते चालते.

मसुदा, तपासणी, वगळणे

इंग्रजी विकिपीडियावर खाते किमान चार दिवस जुने आणि दहा संपादने केलेले असेल तरच थेट लेख बनवता येतो. हितसंबंध असलेल्याने मसुद्याच्याच वाटेने जाणे अपेक्षित आहे. मसुदे तपासणारे स्वयंसेवक असतात आणि रांगेत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. नाकारलेला मसुदा सुधारून पुन्हा देता येतो. सहा महिने कोणी हात लावला नाही तर तो वगळला जाऊ शकतो. थेट बनवलेला लेखही नव्या पानांवर गस्त घालणाऱ्यांच्या नजरेखालून जातो आणि तोवर, जास्तीत जास्त ९० दिवस, शोधयंत्रांना दाखवला जात नाही.

लेखाबद्दल शंका असेल तर वगळण्याची चर्चा उघडते. ती साधारण सात दिवस चालते. तिथे हात मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. कंपनीतले सहकारी त्याच दिवशी खाती उघडून ‘ठेवा’ लिहू लागले की ते लगेच ओळखू येते आणि नुकसान लेखाचेच होते. एका माणसाने शोधून आणलेले एक सविस्तर परीक्षण अशा दहा मतांपेक्षा जास्त काम करते.

लेख राहिला तर तो कंपनीच्या ताब्यात राहत नाही. सुरक्षेतली भगदाडे, माहितीची गळती, न्यायालयातले खटले, वापरकर्त्यांचा रोष यांबद्दल विश्वासार्ह ठिकाणी छापून आले की तेही लेखात येते, आणि कंपनीची इच्छा नाही एवढ्या कारणाने निघत नाही. उत्पादनाची विक्री थांबली म्हणूनही लेख जात नाही, कारण एकदा सिद्ध झालेली उल्लेखनीयता काळाबरोबर ओसरत नाही, असे तिथे धरले जाते. इंग्रजी विकिपीडियाच्या शैलीत अशा लेखाचे पहिले वाक्य वर्तमानकाळातच राहते : अमुक हे बंद झालेले हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे.