पोफळीवरची मिरवेल आणि न आलेली पाळी

कोकणातल्या बागेत मिरवेल पोफळीला धरून चढते; पोफळच पडली तर वेलीला वर जायला वाट उरत नाही. आईच्या पोटात बाळ घडताना काहीसं असंच होतं, फक्त दिशा उलटी, वरून खाली. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भात दोन्ही बाजूंना म्युलरच्या नलिका तयार होतात. मुलींमध्ये पुढे त्यांच्यापासूनच गर्भनलिका, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग बनतो. या नलिका खाली सरकतात त्या शेजारच्या वुल्फच्या नलिकेला धरून. आणि किडनी घडवणारा अंकुर फुटतो तोही ह्याच वुल्फच्या नलिकेतून! म्हणून ती एका बाजूला बिघडली, की त्या बाजूची किडनी आणि गर्भाशय दोन्हींचं बिनसतं.

यातला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे ‘ओहविरा’. मुलीला दोन गर्भाशयं असतात, एका बाजूचा योनिमार्ग पडद्याने बंद असतो आणि बहुतेक वेळा त्याच बाजूची किडनी नसते. दुसऱ्या बाजूने पाळी येत राहते, त्यामुळे संशय कुणाला येणार? बंद बाजूला मात्र दर महिन्याला रक्त साठत जातं. ओटीपोटातलं दुखणं वाढत जातं आणि घरात ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून ओवा दिला जातो. खरं तर पडदा काढण्याच्या शस्त्रक्रियेने हे दुखणं थांबतं, पुढे गर्भधारणाही होऊ शकते.

‘एमआरकेएच’ हा दुसरा जन्मजात दोष साधारण पाच हजार मुलींत एकीला असतो. त्यात गर्भाशय नसतं किंवा अगदी अविकसित असतं. अंडाशयं वेगळ्या पेशींपासून बनत असल्याने ती ठीक असतात. छातीची वाढ वेळेवर होते, न्हाण मात्र येत नाही. काहींच्या किडनीत, मणक्यांतही दोष सापडतो.

ग्रामदेवतेला गाऱ्हाणं जरूर घालावं, पण पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही तर सोनोग्राफीही करावी, आणि तीत किडन्याही पाहायला सांगाव्यात. पाळी न येता दर महिन्याला पोट दुखत असेल तर पंधराव्या वर्षापर्यंतही थांबू नये. जन्मतः एकच किडनी असलेल्या मुलीचं गर्भाशयही वयात येताना तपासून घ्यायला हवं. हे अनेकदा राहून जातं.

लग्नाच्या बोलण्यांत ‘मूल होणार नाही’ हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं. एमआरकेएच असलेल्या स्त्रीची स्त्रीबीजं तिची स्वतःची असतात. 2021 च्या कायद्याने विवाहित जोडप्याला, अटी पाळून, पैशांच्या व्यवहाराविना सरोगसीची वाट ठेवली आहे. भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपणही 2017 मध्ये पुण्यात झालं, ते जन्मतः गर्भाशय नसलेल्या तरुणीवरच.