लाकडी मालाची गुणवत्ता तपासणी आणि प्रमाणन (बडोदे)

लाकडी मालाचे प्रमाणन : चिरलेले लाकूड, प्लायवूड, ब्लॉकबोर्ड, फ्लश (सपाट) दरवाजे, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा), पार्टिकल बोर्ड आणि निर्यातीची लाकडी खोकी ठरलेल्या मानकाप्रमाणे आहेत की नाहीत हे तपासून त्यांवर मुद्रा देण्याची व्यवस्था. या मुद्रा एकाच प्रकारच्या नाहीत. आयएसआय मुद्रा माल टिकाऊ आहे का ते सांगते, खोक्यावरचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का लाकडातून कीड परदेशी जाणार नाही याची हमी देतो आणि वनप्रमाणपत्र लाकूड कोणत्या जंगलातून आले ते सांगते. एका शिक्क्यावरून दुसऱ्याची खात्री धरणे ही बाजारातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

बडोद्यात प्लायवूड मुख्यतः बाहेरून येते. हरियाणातील यमुनानगर, केरळमधील पेरुंबावूर आणि कच्छमधील गांधीधाम ही त्याची मोठी केंद्रे. कांडला बंदरावर उतरणारे न्यूझीलंडच्या पाईनचे ओंडके गांधीधामच्या करवत गिरण्यांत चिरले जातात. बडोद्याच्या वखारीत, म्हणजे इथल्या बाजारभाषेतल्या लातीत, माल पोहोचतो तेव्हा तो बनताना काय झाले हे पाहायला कोणी उरलेले नसते. म्हणून मुद्रा वाचता येणे आणि कडा पारखता येणे या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला आल्या पाहिजेत.

मानके भारतीय मानक ब्यूरो ठरवतो. सर्वसाधारण प्लायवूडला आयएस ३०३, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडला आयएस ७१०, ब्लॉकबोर्डला आयएस १६५९, भरीव फ्लश दरवाजाला आयएस २२०२, एमडीएफला आयएस १२४०६ आणि पार्टिकल बोर्डला आयएस ३०८७ लागू होते. पूर्वी ही मुद्रा ऐच्छिक होती. केंद्र सरकारच्या अलीकडच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनी ती प्लायवूड, फ्लश दरवाजे आणि लाकडी बोर्डांना सक्तीची केली. मुद्रेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो क्रमांक टाकला की कारखान्याचे नाव, पत्ता, मानक आणि परवाना चालू आहे की नाही, हे दिसते. तावावरचे नाव आणि ॲपवरचे नाव जुळले, पण मानक वेगळे निघाले तर माल घेऊ नये. आयएस ३०३चा परवाना असलेल्या कारखान्याने ‘मरीन’ असे छापले म्हणून तो ताव मरीन होत नाही.

परवाना ही प्रत्येक तावाची तपासणी नव्हे. ब्यूरो कारखान्याची यंत्रे, प्रयोगशाळा आणि नोंदवह्या पाहतो, कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलतो. रोजची चाचणी कारखान्यानेच तपासणी योजनेप्रमाणे करायची असते. त्यामुळे चांगल्या कारखान्यातूनही एखादा खराब गठ्ठा सुटू शकतो.

प्लायवूडचा जीव सरसात असतो. युरिया फॉर्मल्डिहाइडचा थर सुमारे १०५ ते ११० अंश सेल्सियसला पक्का होतो, फिनॉल फॉर्मल्डिहाइडला १४० अंशांच्या आसपास तापमान लागते. फिनॉलचा सरस महाग, पण उकळत्या पाण्यात टिकणारा. प्रतवारी यावरूनच ठरते. एमआर, म्हणजे ओल सोसणाऱ्या, प्रतीचा नमुना ६० अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवतात. बीडब्ल्यूआरचा, म्हणजे उकळते पाणी सोसणाऱ्या प्रतीचा, नमुना आठ तास उकळून सुकवतात आणि हे चक्र पुन्हा पुन्हा करतात. आयएस ७१०च्या नमुन्याला ७२ तास उकळावे लागते. मग थरांमध्ये पाते घालून ते उचकटतात. लाकडाचे तंतू फाटून आले तर सांधा खरा. थर स्वच्छ सुटला तर सरस हरला.

फिनॉलच्या सरसाची रेघ गडद तपकिरी असते, म्हणून गिऱ्हाईक कडेला गडद रेघ शोधतो. काही जण युरियाच्या सरसात रंग मिसळून तशीच रेघ आणतात. रंगावर जाऊ नये. आलेल्या मालातल्याच एका तावाची चार इंची पट्टी कापून घरच्या गॅसवर आठ तास उकळली तर निदान बीडब्ल्यूआरपुरता पहिला अंदाज हाती येतो. दुकानदाराने दाखवलेला वेगळा तुकडा उकळून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

बिघाडाचे दुसरे मोठे कारण ओल. व्हिनीअर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, ओलसर राहिले तर गरम प्रेसमध्ये पाण्याची वाफ होते आणि प्रेस उघडताच आत फुगा येतो. वर बोटांच्या पेरांनी ठोकत गेले की तिथे पोकळ आवाज येतो. व्हिनीअर फाजील वाळलेले असले तर ते सरस शोषून घेते आणि सांधा उपाशी राहतो. सरस लावल्यावर चळत फार वेळ पडून राहिली तरी सांधा कच्चा होतो, कारण दाब पडण्याआधीच सरस धरू लागतो. आतल्या तुकड्यांमध्ये फट राहिली तर वर सनमायका लावल्यावर ती रेघ उमटते, आणि नेमका तिथे स्क्रू आला तर तो धरत नाही. जाडी कॅलिपरने चार-सहा ठिकाणी मोजावी. साधारण ५ टक्के फरक चालतो. १९ मिमी सांगून १७ मिमी निघाले तर ती सवलत नव्हे, वजन चोरलेले आहे. दोन्ही कर्ण मोजून काटकोनही पाहावा.

भरीव लाकडाची ओल १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत वाळवून काढतात. ओल्या आणि कोरड्या वजनांतला फरक कोरड्या वजनाने भागून टक्के काढायचे. दोन सुयांचा मीटर सोयीचा असला तरी जात आणि तापमान पाहून आकडा दुरुस्त करावा लागतो. आयएस २८७ने हवेतल्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार विभाग केले आहेत, कारण उन्हाळ्यात वाळलेली चौकट पावसाळ्यात फुगते. बडोद्याचा एप्रिल आणि ऑगस्ट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दार अडकणे नवे नाही. लाकूड वाळवण्याची भट्टी घाईने तापवली तर बाहेरचा भाग आधी आक्रसून कडक होतो आणि आत ताण राहतो. अशा दांड्याचा आडवा काप घेऊन मधला भाग खाचून तो काट्यासारखा केला की त्याचे दात आत वळतात. रंधा मारल्यावर बाक येण्याआधीच हा दोष सापडतो.

बडोद्याजवळच्या सांखेडा गावच्या सागवानी, लाखेने रंगवलेल्या फर्निचरला भौगोलिक निर्देशांक आहे. ती स्थळाची आणि पद्धतीची खूण आहे, लाकूड वाळले होते याची नव्हे. चरकावर कातलेला पाय ओला राहिला तर वर्षभरात खुंटी सैल होते.

जंगलाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय पातळीवर एफएससी आणि पीईएफसी या वनप्रमाणपत्राच्या व्यवस्था आहेत. भारताने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःची वन व काष्ठ प्रमाणन योजना सुरू केली, तिची मुद्रा ‘प्रमाण’. ती चालवण्याचे काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. शिसवाच्या निर्यातीला आणखी कागद लागतात, कारण २०१७ पासून ती जात साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे.

बडोद्याच्या कारखान्यांतून यंत्रे आणि ट्रान्सफॉर्मर परदेशी जातात, आणि तिथे खोक्याचा शिक्का हा रोजचा प्रश्न होतो. खोक्यांच्या लाकडासाठीच्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, उष्णतेची प्रक्रिया केली तर, साल काढलेल्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापला पाहिजे. थर्मामीटर हवेत ठेवून भागत नाही, सर्वांत जाड दांड्याच्या पोटात भोक पाडून तो बसवावा लागतो. प्लायवूड, एमडीएफ आणि ६ मिमीपर्यंतच्या पातळ लाकडाला या नियमातून सूट आहे. पण प्लायच्या खोक्याला पाईनच्या पट्ट्या असतील तर शिक्का लागतोच, आणि तो विसरला जातो तो इथेच. शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंवर, लाल किंवा नारिंगी शाई टाळून उमटवायचा, हाताने काढायचा नाही. जुन्या पॅलेटचा (माल ठेवायच्या लाकडी फळीचा) एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला तर आधीचे सगळे शिक्के खोडून पूर्ण पॅलेट पुन्हा तापवावे लागते.