ट्रफॅल्गरची लढाई

ट्रफॅल्गरची लढाई : (२१ ऑक्टोबर १८०५). स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील ट्रफॅल्गर भूशिराजवळ ब्रिटिश आरमार व फ्रान्स-स्पेनचे संयुक्त आरमार यांच्यात झालेली नाविक लढाई. ब्रिटिश नौसेनापती होरेशिओ नेल्सनकडे २७ मोठ्या युद्धनौका होत्या. फ्रेंच नौसेनापती पिएर व्हिलनव्हच्या हाताखाली ३३ (१८ फ्रेंच, १५ स्पॅनिश). स्पॅनिश तुकडी ग्राव्हीनाची होती.

या लढाईमुळे इंग्लंडवरची स्वारी टळली, हा समज कालक्रमाशी जुळत नाही. स्वारीसाठी उभारलेली बूलोनची छावणी नेपोलियनने ऑगस्टअखेरीसच मोडून सैन्य डॅन्यूबकडे वळवले होते. व्हिलनव्हला हुकूम होता तो भूमध्य समुद्रात जाण्याचा. आपल्या जागी नेमलेला रोझिली माद्रिदपर्यंत येऊन पोहोचला आहे, हे कळताच तो घाईने कॅडिझ बंदराबाहेर पडला.

नेल्सनच्या व्यूहाबद्दल मतभेद आहेत. त्याच्या ९ ऑक्टोबरच्या टिपणानुसार दुय्यम सेनापती कॉलिंगवुडच्या फळीने शत्रूची पिछाडी तोडायची होती आणि उरलेल्यांनी मध्यावर घुसायचे होते. फळ्या मात्र शत्रूला समांतर राहून पुढे सरकायच्या होत्या. प्रत्यक्षात दोन्ही फळ्या जवळजवळ काटकोनात चालून गेल्या. वारा इतका मंद होता की, आघाडीच्या नौकांनी बराच वेळ मारा नाळेवर (पुढच्या टोकावर) झेलला आणि उलट तोफ डागणे त्यांना जमेना. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या नौकेचे सुकाणूचक्र गोळ्याने उडाले, तेव्हा खलाशांनी खालच्या मजल्यावरून सुकाणू हाताने वळवले. इतिहासकार ज्यूलियन कॉर्बेट (१९१०) याच्या मते नेल्सनने ऐनवेळी टिपण बाजूला ठेवले. ब्रिटिश नौदल मंडळाच्या समितीने १९१३ मध्ये हल्ला स्थूलमानाने टिपणाबरहुकूमच झाल्याचा निर्वाळा दिला. कॉलिंगवुडच्या तिरकस पसरलेल्या फळीपुरता तो पटतो. नेल्सनच्या एकामागोमाग गेलेल्या नौकांना तो लावणे ओढाताणीचे वाटते. शत्रू आपली रांग फोडून पिछाडीवर तुटून पडेल, हे व्हिलनव्हने आपल्या कप्तानांना आधीच कळवले होते. ओळखणे त्याला जमले, उपाय जमला नाही.

फ्रान्स-स्पेनच्या १७ नौका पकडल्या गेल्या व एक जळाली. ब्रिटिशांची एकही गेली नाही. ‘रेदूताब्ल’ या फ्रेंच नौकेवरून सुटलेल्या बंदुकीच्या गोळीने जखमी झालेला नेल्सन दुपारी साडेचारच्या सुमारास मरण पावला. ‘व्हिक्टरी’चा कप्तान हार्डी याला तो ‘किस मी’ नव्हे, ‘किस्मत’ म्हणाला, ही नंतरची दंतकथा होय. जवळ असलेल्यांची साक्ष चुंबनाचीच आहे. पुढच्या वादळात पकडलेल्या बहुतेक नौका बुडाल्या वा हातच्या गेल्या.

ब्रिटिशांच्या कैदेतून सुटलेला व्हिलनव्ह २२ एप्रिल १८०६ रोजी फ्रान्समधील रेन येथे मृतावस्थेत आढळला. छातीवर सुरीचे अनेक वार होते. खुनाचा संशय तेव्हापासून घेतला जातो. तथापि पत्नीला लिहिलेले निरोपाचे पत्र पाहता आत्महत्याच अधिक संभवनीय दिसते.