आरोग्य प्रशिक्षण योजनांचे मूल्यमापन (कोकण)

शासकीय खर्चाने आरोग्यसेवेतील कामासाठी दिलेले प्रशिक्षण लोकांच्या किती उपयोगी पडले, हे तपासण्याची पद्धत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर असे प्रशिक्षण अनेक वाटांनी मिळते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका टप्प्याटप्प्याने शिकत आल्या. आरोग्यसेविका व परिचारिकांचे शासकीय अभ्यासक्रम त्याआधीपासून आहेत. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, तर २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत रुग्णसहायकासारख्या कामांचे अल्पमुदतीचे वर्ग चालतात.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला वर्ग कसा वाटला, तो काय शिकला, कामात काय बदलले आणि त्यातून शेवटी काय साधले. पहिल्या दोन पायऱ्या वर्गातच मोजता येतात. हजेरीपट आणि प्रमाणपत्रांचा आकडा तर पहिल्या पायरीपर्यंतही पोचत नाही; त्यावरून पैसा खर्च झाला एवढेच कळते. पुढच्या दोन पायऱ्यांसाठी वाडीवर जावे लागते.

तसे जाऊन केलेल्या कामाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेची गावे नसती, तर ही घट प्रशिक्षणामुळेच झाली असे म्हणता आले नसते. पुढे आशांच्या गृहभेटींना याच कामाचा आधार मिळाला.

कोकणात सर्वांत अवघड प्रश्न शिकलेली माणसे टिकण्याचा आहे. मुंबईला जाणे इथल्या घराघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सिंधुदुर्गाला गोवाही जवळ. रत्नागिरीत शिकलेली मुलगी मुंबईच्या रुग्णालयात लागली, तर तिच्या घरच्यांच्या दृष्टीने योजना यशस्वी झाली, आणि ते खरेच आहे. तिच्या गावच्या उपकेंद्रातली जागा मात्र रिकामीच राहते. म्हणून उमेदवाराला काम मिळाले का आणि गावाला सेवा मिळाली का, हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. जी मुलगी योजना नसतानाही परिचारिका झालीच असती, तिचे यश योजनेच्या खात्यावर मांडणेही चूक.

मोजणी कधी करायची, यालाही महत्त्व आहे. भातलावणीच्या चिखलात उघड्या पायांनी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. सर्पदंशही पावसाळ्यात वाढतात. वाडीकडे जाणारा साकव पाण्याखाली गेला की सगळा भार जवळच्या आशाताईवर येतो. एप्रिलमध्ये घेतलेल्या लेखी चाचणीचे गुण तेव्हा काही सांगत नाहीत. तापाचा रोगी कितव्या दिवशी आरोग्य केंद्रात पोचला, दंशानंतर पाय आवळून बांधणे किंवा जखमेवर चिरा देणे थांबले का, हे पाहावे लागते. आशाताईला दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मोजायला सांगावे आणि शेजारी बसून बघावे: ती पूर्ण एक मिनिट मोजते का, आणि साठ किंवा त्याहून जास्त भरले तर फेरमोजणी करून लगेच पुढे पाठवते का.