विद्यार्थी विकास (कोकणातल्या कॉलेजांमधला)

विद्यार्थी विकास म्हणजे कॉलेजात शिकवणं आणि परीक्षा घेणं सोडून मुलांसाठी जे जे काही चालतं ते सगळं: स्कॉलरशिप, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, जिमखाना, युवा महोत्सव, तक्रारी, समुपदेशन, अँटी रॅगिंग, वसतिगृह आणि एसटी पासच्या फॉर्मवरचा कॉलेजचा शिक्का सुद्धा. पूर्वी याला विद्यार्थी कल्याण म्हणायचे. विद्यापीठात यासाठी मंडळ असतं, संचालक असतो. तालुक्याच्या कॉलेजात मात्र वेगळं पद सहसा नसतंच, एखादे सर किंवा मॅडम आपले तास सांभाळून हे करतात आणि मुलांच्या तोंडी त्या विभागाचं नाव "त्या सरांना भेट" एवढंच असतं.

मुंबई विद्यापीठ 1857 चं, त्याची हद्द पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत, म्हणजे मुंबईत फोर्टातल्या मुख्य कचेरीतून निघालेलं परिपत्रक चर्चगेटच्या कॉलेजलाही तेच आणि देवगडच्या कॉलेजलाही तेच. रत्नागिरीला उपपरिसर आहे, तरी बरंचसं काम मुंबईकडे बघूनच चालतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ (1972) आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांची व्यवस्था वेगळी, तिथे हॉस्टेलवर राहणारी मुलं जास्त त्यामुळे प्रश्नही वेगळे. ही नोंद मुख्यतः आर्ट्स-कॉमर्स-सायन्सच्या, रोज ये-जा करणाऱ्या मुलांच्या कॉलेजांबद्दल आहे.

कल्पना कुठून आली

पेशा म्हणून हे काम अमेरिकेत उभं राहिलं. तिथल्या कॉलेजांना आधी मुलांच्या बाबतीत आईबापाच्या जागी मानलं जायचं, 1913 च्या केंटकीतल्या एका निकालाने त्यावर शिक्कामोर्तबही केलं होतं, आणि मग 1961 मध्ये अलाबामातल्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की सरकारी कॉलेजला मुलाला काढायचं तर आधी नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका. मधल्या काळात 1937 चा एक अहवाल आला, त्याचा रोख असा की मुलाकडे आख्खा माणूस म्हणून बघा, नुसता अभ्यास करणारा म्हणून नको. आपल्याकडे 1964-66 च्या कोठारी आयोगाने पूर्ण वेळचा विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता आणि हजार मुलांमागे निदान एक समुपदेशक असावा असं सुचवलं. त्याला साठ वर्षं होत आली.

बाकी आईबापाच्या जागी वगैरे कायद्याने गेलं असेल, पण आमच्याकडे अॅडमिशनला आलेली आवस, म्हणजे आई, अजून म्हणते, "सर, झिलाकडे जरा बगा हां", मुलाकडे लक्ष द्या म्हणून. बाप मुंबईला किंवा बोटीवर, मूल आजी-आजोबांजवळ, अशी घरं इथे काही कमी नाहीत. पालक सभेला येणार कोण, हा प्रश्न त्यामुळे खराच असतो.

एसटीचं वेळापत्रक

कोकणात या कामावर सगळ्यात जास्त सत्ता कोणाची असेल तर ती एसटीची. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहे, ती मोठीच गोष्ट, पण वाडीकडे जाणारी शेवटची गाडी संध्याकाळी एकदा सुटली की पोरगी अडकली. त्यामुळे युवा महोत्सवाच्या तालमी जमेल तितक्या दुपारच्या सुट्टीत, मीटिंग अकराला, उरलेलं कॉलेज सुटल्यावर, आणि म्हणून जी मुलं शहरातच राहतात तीच नाटकात, तीच कमिटीत, तीच पुढे "नेतृत्वगुण असलेली". हे कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं. मी पाहिलंय, जाखडीत कमाल नाचणारा मुलगा लोकनृत्याच्या टीममधून गळला कारण त्याची गाडी पावणेपाचला होती आणि तालीम चारला सुरू व्हायची. गावात रात्रभर नमन-खेळे (इथलं लोकनाट्य) करणारी मुलं कॉलेजच्या स्टेजवर दिसत नाहीत याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. पावसात घाट बंद झाला की हजेरीचं 75 टक्क्यांचं गणित बिघडतं, गणपती आणि शिमग्याला तर बोलूच नका.

स्कॉलरशिप

खरं काम इथे आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचा, मग तो कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला, तिथून प्रिन्सिपल लॉगिनला, मग पुढे जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ऑफिसला जातो, कुठेही कागद अस्पष्ट दिसला की परत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, आणि 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सच्या मुलींना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी प्रवर्गात 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षणाची आणि परीक्षेची फी पूर्ण माफ. घोषणा ऐकून साध्या बीएच्या मुलीही "आम्हाला पण माफ ना" म्हणत आल्या, त्यांना समजावण्यात त्या वर्षीचा जुलै गेला.

एक उदाहरण सांगतो. एका मुलीचा अर्ज मंजूर, पोर्टलवर पैसे जमा दिसतायत, पासबुकात शून्य. तीन चकरा झाल्या, बँकवाले म्हणतात आमच्याकडे आलेच नाहीत. शेवटी कळलं की घरात मोबाईलचं सिम घेताना अंगठा लावला होता तेव्हा तिच्या नावावर मोबाईलमधलंच एक खातं उघडलं गेलेलं, आधार त्याला जोडलेलं, आणि आधारवरून येणारे पैसे शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. पैसे होते, पण ते खातं आहे हेच तिला माहीत नव्हतं. कोणत्याही ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत.

निवडणूक नसलेलं नेतृत्व

महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या, मार्कांवरून वर्ग प्रतिनिधी नेमायला सुरुवात झाली. विद्यार्थी निवडणुकांवरच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने लागू केल्या, त्यात पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22 आणि खर्च 5000 रुपयांच्या आत अशी बंधनं होती. मग 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट मतदानाने निवडायची तरतूद परत आणली. 2019 ला होणार होणार म्हणता विधानसभा आडवी आली, पुढे कोविड.

म्हणजे आज कॉलेजात जीएस (विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी) असतो तो बहुतेक वेळा नेमलेला. माझं मत विचाराल तर राडे नकोत हे मान्य, पण इथली मुलं अठरा पूर्ण झाली की ग्रामपंचायतीला मत देतात आणि कॉलेजात देत नाहीत हे जरा विचित्रच. याचा परिणाम लांबवर जातो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी यूजीसीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे प्रकरणात विद्यार्थी असेल तर अंतर्गत समितीत लोकशाही पद्धतीने निवडलेले तीन विद्यार्थी हवेत, आणि 2023 च्या तक्रार निवारण नियमांमध्येही विद्यार्थी प्रतिनिधी आहेच. निवडायचे कसे? कोणीतरी नाव सुचवतं, कोणीतरी मान डोलावतं, इतिवृत्तात "सर्वानुमते" लिहिलं जातं. तक्रारपेटी ऑफिसच्या दारातच, क्लार्कच्या नजरेसमोर, तिथे कोण चिठ्ठी टाकणार.

शिक्षकांच्या बाजूचं नेतृत्वही असंच. जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या मॅडमना तासाचे पैसे मिळतात, सांस्कृतिक समन्वयक झाल्याचे वेगळे काही नाहीत, तरी मुलींना घेऊन युवा महोत्सवाच्या झोनल राउंडला त्याच जातात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की "क्रायटेरिया फाइव्ह"च्या, म्हणजे विद्यार्थ्यांना दिलेल्या मदतीच्या, फायली सजतात, फोटोला जीपीएस लोकेशन पाहिजे म्हणून झाड लावल्यावर तीन तीन वेळा फोटो.

मन आणि रेंज

2025 च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, छोट्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. जिथे तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून ठरलेल्या वारी येतो तिथे हे जुळवणं सोपं नाही, आणि आला तरी मुलगी त्याच्या दाराशी दिसली की संध्याकाळपर्यंत वाडीत कळतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर (ऑक्टोबर 2022 पासून) म्हणूनच बरा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, फक्त रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं आणि सड्यावर आणखी चौघं रेंज शोधत उभी असतात.

एनएसएस आणि क्रेडिट

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. कोकणात हे शिबिर म्हणजे बहुधा वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची, वहाळात (ओढ्यात) थरावर थर रचायचे, पाणी वर चढायला लागलं की गावातली बाई कपडे घेऊन लगेच हजर. यात जे नेतृत्व दिसतं ते मार्कलिस्टवरच्या नेतृत्वापेक्षा वेगळं असतं, शेतातला मुलगा इथे सगळ्यांना हुकूम सोडतो आणि टॉपर गोण्या धरून उभा राहतो. आधी पोरं "एनएसएसचे दहा मार्क" मिळतात म्हणून यायची, आता नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट म्हणून सगळेच कशात ना कशात नाव घालतात, त्यामुळे आकडा वाढला आणि गोणी उचलणारे हात तेवढेच राहिले.

चिपळूणला 22 जुलै 2021 ला पूर आला तेव्हा मुलांची पुस्तकं, दाखले, मार्कशीटा चिखलात गेल्या. त्या वेळी ठिकठिकाणच्या कॉलेजांची मुलं फावडी घेऊन घराघरातला गाळ काढायला गेली. कुठलंही परिपत्रक यायच्या आधी निरोप व्हॉट्सअॅपवर फिरला होता, आणि तो बहुतेक करून "त्या सरांनीच" टाकलेला.