ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि 'हिप्पोकुरा'चे कोडे: कोल्हापूरच्या जुन्या व्यापारवाटांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती वीतभरही उंच नाही. उगारलेल्या हातातला त्रिशूळ केव्हाच हरवला आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सातवाहनकालीन वस्तीच्या थरात ती मिळाली, आणि तेव्हापासून 'कोल्हापूरचा थेट रोमशी व्यापार होता' हे वाक्य जो तो सांगू लागला. त्यातला 'थेट' हा शब्द तपासायला हवा.

त्याच साठ्यात कांस्याचा एक सुबक चंबू, आरसा, हत्तीवर बसलेली माणसे आणि इतर बरेच सामान होते. पुढच्या अभ्यासात त्याची वर्गवारी झाली. मोजक्या वस्तू भूमध्य समुद्राकडच्या कारागिरांच्या निघाल्या, पण बराचसा ऐवज इथल्याच ओतकामाचा होता. हत्तीवरची ती स्वारी तर अस्सल देशी. म्हणजे परदेशी चंबू आणि देशी हत्ती एकाच घरात, एकाच मालकाजवळ होते. त्या मालकाने रोमन माणूस पाहिला असेलच असे नाही.

तांबड्या समुद्रातली बंदरे सोडणारी जहाजे पावसाळी वाऱ्यावर यायची, पश्चिम किनाऱ्याला लागायची आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतायची. किनाऱ्यावर माल उतरला की पुढचे काम बैलांचे. आंबा, अणस्कुरा, बावडा, फोंडा या घाटवाटांनी गाडी चढणे शक्यच नव्हते. गोणी बैलाच्या पाठीवर टाकायची आणि तांडा हाकायचा. दर टप्प्याला मालक बदलायचा, भाव बदलायचा, जकात पडायची. शिवाय या तांड्यांचा खरा धंदा पोसायडनचा नव्हताच. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर यायची आणि धान्य, कापड खाली जायचे. चैनीची वस्तू मिठाच्या गोणीच्या आधाराने प्रवास करायची. मीठ मातीत उरत नाही, कांस्य उरते, म्हणून संग्रहालयात आपल्याला कांस्यच दिसते.

ब्रह्मपुरीने आणखी एक गोष्ट दिली आणि माझ्या मते ती पोसायडनपेक्षा मोलाची आहे: शिशाची नाणी. एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरे. त्यांत तीन नावे येतात, वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. पहिल्याच्या नाण्यांवर दुसऱ्याने आपला ठसा मारला, आणि तिसऱ्याने दोघांच्याही नाण्यांवर. त्यामुळे क्रम पक्का झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात भरूचला उतरणाऱ्या मालात शिशाचा उल्लेख आहे, म्हणजे या नाण्यांचा धातूही समुद्रापलीकडून आलेला असू शकतो, हेही इथे लक्षात ठेवावे.

आता खरा गुंता. इ. स. १५० च्या आसपास अलेक्झांड्रियातल्या एका भूगोलकाराने आपल्या भूभागातल्या राजांच्या राजधान्या नोंदवल्या. उज्जैनला तियास्तेनेस, पैठणला सिरी पोलेमायोस आणि हिप्पोकुरा इथे बालेओकुरोस. पहिले दोघे म्हणजे क्षत्रप चष्टन आणि सातवाहन राजा पुळुमावी, यात वाद नाही. मग तिसरा, 'बालेओकुरोस', हा आपला विळिवायकुरच असणार, आणि त्याची नाणी कोल्हापुरात मिळतात म्हणजे हिप्पोकुरा हेच कोल्हापूर, असे समीकरण एकोणिसाव्या शतकापासून मांडले गेले. स्थानिक लेखनात तर ते सिद्ध झाल्यासारखेच वापरले जाते.

या समीकरणाच्या दोन अर्ध्यांचे वजन सारखे नाही. राजाचे नाव जुळते, हे मला पटते. 'कुर' हा शेवट आणि काळ दोन्ही एका बाजूला झुकतात. गावाचे नाव मात्र तसे जुळत नाही. त्याच भूगोलकाराच्या यादीत हिप्पोकुरा दोनदा येते, एकदा कोकण किनाऱ्यावर आणि एकदा आत देशावर. त्याचे अक्षांश-रेखांश खलाशांच्या तोंडी माहितीवर बेतलेले असल्याने नकाशावर बोट ठेवायला ते कामाचे नाहीत. नाणी मिळाली म्हणजे राजधानी तिथेच होती असेही नसते, कारण नाणी हिंडण्यासाठीच असतात. हे 'कुर' स्वतंत्र घराणे होते, सातवाहनांचे मांडलिक होते की ही सातवाहन राजांचीच बिरुदे होती, यावरही अभ्यासकांची तीन तोंडे तीन दिशांना आहेत. मी मांडलिकांच्या बाजूचा आहे. सातवाहनांच्या नावपद्धतीतले मातृनाम ('वासिठीपुत' म्हणजे वासिठीचा मुलगा) त्यांनी घेतले, पण धनुष्यबाण हे चिन्ह आपले वेगळे राखले.

कोल्हापूर म्हणजे हिप्पोकुरा ठरो वा न ठरो, सह्याद्रीपलीकडच्या एका राजाचे नाव, उच्चार बिघडलेला का होईना, इजिप्तपर्यंत पोहोचले. ते कोणा राजदूताने नेले नाही. तांडेवाल्याने बंदरात सांगितले, दलालाने खलाशाला आणि खलाशाने लिहिणाऱ्याला.

बौद्ध विचारही असेच चालत गेले. कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या अस्थिकरंडकावर दान देणाऱ्याचे आणि ते घडवून घेणाऱ्याचे नाव ब्राह्मीत कोरलेले आहे. जोतिबाजवळची पोहाळ्याची लेणी तर सगळ्यांनी पाहिलेली आहेत. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला करहाकटच्या, म्हणजे कऱ्हाडच्या, निगमाने दिलेल्या दानाचा लेख आहे. व्यापाऱ्यांची ही संघटना शेकडो कोसांवरच्या दगडी कठड्याचा खर्च उचलत होती.

पुढे कोकण आणि कोल्हापूरवर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळात वाट तीच, हिशेब मात्र काटेकोर. इ. स. १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या जहाजामागे एक सुवर्णगद्याण (सोन्याचे नाणे) घ्यावा, अशी तरतूद आहे. बाराव्या शतकातल्या कोल्हापूर आणि मिरजेच्या कानडी शिलालेखांत वीर-वणंज व्यापाऱ्यांची संघटना भेटते. आपल्याच मालावर पट्टी बसवून त्यांनी जैन बसदीचा (मंदिराचा) खर्च चालवला.

पुढे राजापूर हे घाटावरच्या मालाचे मोठे बंदर झाले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची किनाऱ्याला लागली आणि वर चढून आली. तांबडा रस्सा आपण परंपरा म्हणून वाढतो, पण त्याचा रंग पाचशे वर्षांपेक्षा जुना असूच शकत नाही. कांदा-लसूण मसाल्यातली लवंग मात्र मिरचीहून जुनी पाहुणी, थेट इंडोनेशियातल्या मोलुकु बेटांच्या दिशेची.

या वाटांची सद्दी संपवली ती आगगाडीने. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला लोहमार्ग आला आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली गेली. गुळाचे रवे आता मिरजमार्गे पुणे-मुंबईकडे जाऊ लागले. राजापूरची खाडी गाळाने भरत होतीच, वरून घाटाचा मालही आटला. संस्थानाच्या दृष्टीने तो निर्णय बरोबरच होता. गुळाला देशभर गिऱ्हाईक मिळाले आणि पेठ उभी राहिली. पण दोन हजार वर्षे पश्चिमेकडे तोंड असलेल्या गावाने त्यामुळे तोंड पूर्वेला फिरवले, ही बाजू शाहूपुरीच्या कौतुकात फारशी सांगितली जात नाही. कोल्हापूर ते वैभववाडी लोहमार्गाची मागणी त्याच तुटलेल्या दुव्यासाठी आहे. घोषणा होऊन वर्षे लोटली, पण बावड्याच्या बाजूने कोकणात उतरणारी ती गाडी अजून सुरू झालेली नाही.